प्रशियाचं सैन्य नेमकं कशावर चालत होतं?

प्रश्न असा आहे. १७४० साली प्रशियाची, म्हणजे बर्लिन राजधानी असलेल्या जर्मन राज्याची, वस्ती जेमतेम २२ ते २५ लाख होती. जमीन बरीचशी रेताड, आणि प्रदेश ऱ्हाईन नदीपासून थेट लिथुएनियाच्या सीमेपर्यंत तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. अशा राज्याने ऑस्ट्रियाकडून सायलेशिया हिसकावला. पुढे १७५६ ते १७६३ या सात वर्षांत ऑस्ट्रिया, फ्रान्स, रशिया आणि स्वीडन एकत्र चालून आले, तरी तो प्रांत हातचा जाऊ दिला नाही. हे राजा फ्रेडरिक दुसऱ्याच्या गाजलेल्या ‘तिरक्या फळी’मुळे, म्हणजे एकच बगल भारी करून ती शत्रूच्या एका टोकावर घालण्याच्या डावपेचामुळे, झालं का?

तिरक्या फळीने एक मोठी लढाई निर्विवाद जिंकून दिली, ती लॉयटेनची. त्याच कल्पनेवर लढलेल्या दुसऱ्या दोन लढायांनी, कोलिन आणि कुनर्सडॉर्फने, राज्य बुडायची वेळ आणली. सात वर्षांचं युद्ध निभावलं ते माणसं, पैसा आणि धान्य यांच्या हिशेबावर. तो हिशेब फ्रेडरिकच्या बापाने, फ्रेडरिक विल्यम पहिल्याने, १७१३ ते १७४० या काळात बसवला होता. स्वीडनविरुद्धची १७१५ ची श्ट्रालसुंडची मोहीम सोडली तर या राजाने मोठं युद्ध असं केलंच नाही. म्हणून लढायांची पुस्तकं त्याला दोन पानांत गुंडाळतात. उत्तर मात्र त्याच्यापासूनच सुरू करावं लागतं.

तो गादीवर आला तेव्हा सैन्य सुमारे ४० हजार होतं, मेला तेव्हा ८० हजारांच्या वर. राज्याचं वार्षिक उत्पन्न ७० लाख टालरच्या (चांदीच्या नाण्यांच्या) आसपास, त्यातले सुमारे ५० लाख सैन्यावर जात. तरीही त्याने कर्ज काढलं नाही. उलट मरताना बर्लिनच्या राजवाड्याच्या तळघरात पिंपांमध्ये भरलेली सुमारे ८० लाख टालरची रोकड ठेवून गेला. ही रक्कम फार मोलाची ठरली. त्या काळात युद्ध सुरू करायचं तर सावकार गाठायचे, कर वाढवायचे, प्रांतांच्या सभांशी घासाघीस करायची, यात महिने जात. ऑस्ट्रियाचा शासक आणि पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स २० ऑक्टोबर १७४० ला वारला आणि १६ डिसेंबरला प्रशियाचं सैन्य सायलेशियात शिरलं. आठ आठवड्यांत ही हालचाल होऊ शकली, कारण पैसा, धान्य आणि माणूस तिन्ही आधीच जागेवर होतं.

माणसांचा प्रश्न सोडवला तो १७३३ च्या कँटन पद्धतीने. प्रत्येक रेजिमेंटला एक मुलूख, म्हणजे कँटन, नेमून दिला. पायदळाच्या रेजिमेंटला साधारण ५ हजार चुली (घरं) आणि घोडदळाच्या रेजिमेंटला १८०० चुली. त्या मुलखातल्या मुलांची नावं लहानपणीच रेजिमेंटच्या वहीत चढत. उंची चांगली असेल तर तरुणपणी भरती. सुरुवातीला सलग शिक्षण, आणि त्यानंतर वर्षातून दोन-तीन महिने वसंतातल्या कवायतीला हजर राहायचं. उरलेलं वर्ष माणूस घरी, शेतावर. सरदार, सधन व्यापारी, कुशल कारागीर, शेत सांभाळणारे कुणबी आणि काही शहरं यांना माफी होती. थोडक्यात, जो माणूस उचलल्याने कर बुडेल त्याला उचलायचं नाही.

ही पद्धत का चालली ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. गावचा जमीनदार आणि रेजिमेंटचा अधिकारी हे एकाच वर्गातले, कधी कधी एकाच घरातले. कूळ आठ-नऊ महिने शेतावर मिळतंय म्हटल्यावर जमीनदाराची तक्रार उरली नाही. रजेवरच्या शिपायाला पगार नसे. तो पगार कंपनीच्या कप्तानाकडे राही आणि त्यातून तो परदेशी शिपाई भरती करी. शांततेच्या काळात सैन्यातला बराच मोठा हिस्सा अशा परदेशी भाडोत्र्यांचा असे आणि छावणीचा पहारा तेच सांभाळत. म्हणजे एका शिपायाच्या पैशात दोन माणसं हाताशी राहत, एक शेतावर आणि एक पहाऱ्यावर. शिवाय एका कंपनीत एकाच पंचक्रोशीतले तरुण असत. शेजारी शेजाऱ्यासमोर पाठ दाखवत नाही, हे कवायतीपेक्षा जुनं बंधन त्या फळीत होतं.

दोष याच रचनेत दडलेले होते. कप्तानाचा फायदा जास्तीत जास्त माणसं रजेवर पाठवण्यात, त्यामुळे लांबलेल्या शांततेत सैन्य कागदावर मोठं आणि मैदानावर कच्चं होत जाई. दुसरा दोष परदेशी भरतीचा. हे लोक संधी मिळताच पळत. फ्रेडरिकने सेनापतींसाठी लिहिलेल्या युद्धतत्त्वांची सुरुवातच पळून जाणारे शिपाई कसे रोखायचे यापासून होते: जंगलाला लागून तळ टाकू नका, गरज नसताना रात्रीची कूच करू नका, पाणी आणि पेंढा आणायला माणसं जातील तेव्हा बरोबर अधिकारी द्या, तळाभोवती हुसार घोडेस्वारांची गस्त ठेवा. या नियमांची किंमत लढाईत मोजावी लागे. रानात पसरून, आडोसा धरून, एकेकट्याने लढणारं पायदळ या सैन्यातून सहज उभं राहू शकत नव्हतं, कारण नजरेआड गेलेला शिपाई परत येईल याची खात्री नव्हती. ऑस्ट्रियाचे क्रोएशियन सीमासैनिक नेमके याच प्रकारच्या लढाईत तरबेज होते आणि प्रशियाला त्यांनी शेवटपर्यंत छळलं.

आता कवायतीकडे येऊ. अनहाल्ट-डेसाऊचा प्रिन्स लिओपोल्ड, ज्याला ‘म्हातारा डेसाऊकर’ म्हणत, त्याने दोन गोष्टी रुजवल्या. एक, ठासणीच्या बंदुकीला लाकडी गजाऐवजी लोखंडी गज. दोन, ठेका धरून पावलाला पाऊल मिळवून चालणं. लाकडी गज घाईत मोडतो, आणि गज मोडला की बंदूक म्हणजे नुसती संगीन लावलेली काठी. लोखंडी गजाने ठासणी एका दणक्यात होते. प्रशियाचा कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. कवायतीत याहून जास्त बार काढल्याचे दावे सापडतात, ते बिनगोळीच्या दारूचे किंवा नेम न धरता केलेले समजावेत. प्रत्यक्ष लढाईत धूर, चकमकीच्या दगडाची झीज, नळीत साचणारी काजळी आणि भीती यामुळे वेग दोनवर किंवा त्याखाली येई. तरी समोरचा निम्म्या वेगाने भरत असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. १० एप्रिल १७४१ ला मोलविट्झला तेच झालं. ऑस्ट्रियन घोडदळाने प्रशियाची उजवी बगल उधळली. सेनापती श्वेरिनच्या आग्रहावरून फ्रेडरिक स्वतः रणांगण सोडून गेला. तरी पायदळाची फळी हलली नाही आणि तिच्या गोळीबारावर श्वेरिनने लढाई जिंकली. ती लढाई खऱ्या अर्थाने बापाच्या सैन्याने जिंकली, आणि घोडदळ नव्याने बांधल्याशिवाय भागणार नाही हे फ्रेडरिकला तिनेच शिकवलं. चारच वर्षांनी, ४ जून १७४५ ला, होहेनफ्रीडबर्गला बायरॉइट ड्रॅगून या घोडदळाच्या एका रेजिमेंटने ऑस्ट्रियन पायदळात घुसून ६० हून अधिक निशाणं पळवली.

ठेक्यात चालण्याचं महत्त्व गोळीबाराहूनही मोठं आहे. तिरकी फळी समजायची तर आधी हे समजलं पाहिजे, म्हणून आकडे मांडतो.

एका पलटणीत साधारण ६५० बंदुका धरा. माणसं तीन रांगांत उभी, म्हणजे रुंदीत सुमारे २१५ जण. खांद्याला खांदा लावून माणशी ५५ सेंटिमीटर धरले तर पलटणीची रुंदी १२० मीटरच्या आसपास येते. पलटणीचे आठ प्लाटून, म्हणजे प्रत्येक प्लाटून १५ मीटर रुंद. शत्रूसमोरून आडवं जायचं असेल तेव्हा प्रत्येक प्लाटून काटकोनात वळतो आणि सगळे एकामागे एक चालू लागतात. अट एकच: पुढच्या आणि आपल्या प्लाटूनमधलं अंतर बरोबर प्लाटूनच्या रुंदीएवढं, १५ मीटर, राहिलं पाहिजे. हे अंतर राखलं तर हुकूम होताच सगळे प्लाटून एकदम बाजूला वळतात आणि मिनिटाभरात अख्खी फळी शत्रूकडे तोंड करून उभी राहते. बाकीच्या सैन्यांना फळी मांडायला तासच्या तास लागत, ते याच ठिकाणी वाचतात.

आता बिघाड कुठे होतो ते पाहा. वीस पलटणींच्या रांगेत १६० प्लाटून असतात. प्रत्येकाचं अंतर नुसतं एक मीटर वाढलं तरी फळी मांडताना एकूण १६० मीटर फटी राहतात, म्हणजे अख्ख्या पलटणीपेक्षा मोठी जागा मोकळी, आणि त्यातून शत्रूचं घोडदळ आत येतं. अंतर कमी झालं तर प्लाटून एकमेकांवर चढतात, गर्दी होते, आणि मागच्यांच्या बंदुका निकामी ठरतात. नांगरट, ओढा, कुंपण, चिखल, गावातली गल्ली, प्रत्येक ठिकाणी हे अंतर बिघडतं. मिनिटाला ७५ पावलांचा ठेका, सारख्या लांबीचं पाऊल आणि वर्षानुवर्षं तीच कवायत, यामागचं कारण मैदानावरची शोभा हे नव्हतं. हे १५ मीटर टिकवणं हाच सगळा उद्योग होता.

तिरकी फळी ती यावर उभी. आपलं सैन्य कमी, शत्रूचं जास्त. मग सबंध आघाडीवर न भिडता आपली एक बगल भारी करायची, शत्रूच्या एका टोकावर ती घालायची आणि दुसरी बगल मागे रोखून धरायची. शत्रूचं टोक कोसळलं की त्याच्या उरलेल्या पलटणींना एकामागून एक तोंड फिरवावं लागतं आणि प्रत्येक वेळी त्या तुकड्यातुकड्यांनी समोर येतात. पुढे जाणाऱ्या पलटणी पायऱ्यांसारख्या सोडल्या जात, प्रत्येक पलटण शेजारच्या पलटणीपेक्षा सुमारे ५० पावलं मागे, म्हणजे मागे रोखलेली बगल आपोआप मागे राहते आणि उतावळेपणाने भिडत नाही.

५ डिसेंबर १७५७ ला लॉयटेनला हे जमून आलं. प्रशियाचे सुमारे ३५ हजार, ऑस्ट्रियाचे ६० हजारांच्या वर. ऑस्ट्रियाची आघाडी सुमारे ७ किलोमीटर लांब. फ्रेडरिकने आधी उत्तरेकडे, बोर्न गावाजवळ, शत्रूची पुढची ठाणी हटवून तिकडूनच हल्ला येणार असं भासवलं. ऑस्ट्रियाच्या उजव्या बगलेवरचा सेनापती लुकेसी याने मदत मागितली आणि ऑस्ट्रियाचं राखीव दल तिकडे गेलं. त्या वेळी प्रशियाचं मुख्य सैन्य बुटक्या टेकड्यांच्या रांगेआडून दक्षिणेला चाललं होतं. ऑस्ट्रियाच्या नजरेला ते मागे हटत असल्यासारखं दिसलं. दुपारी एकच्या सुमारास झागश्युट्झजवळ ते डाव्या टोकावर कोसळलं. तिथे ऑस्ट्रियाच्या बाजूने लढणारे, व्युर्टेंबर्ग या जर्मन संस्थानाचे कमी भरवशाचे शिपाई उभे होते. त्या बगलेचा सेनापती नादाश्दी मदतीसाठी निरोप पाठवत राहिला, पण ते कोणी मनावर घेतले नाहीत. पुढे लॉयटेन गावात, विशेषतः चर्चच्या आवारात, घनघोर झुंज झाली. लुकेसीने घोडदळ घेऊन प्रशियाची बगल गाठायचा प्रयत्न केला, तेव्हा टेकडीआड थांबलेल्या, प्रशियाच्या ड्रीझनच्या घोडदळाने त्यालाच बगलेतून धरलं. तिथे ऑस्ट्रियाची फळी फुटली. प्रशियाची हानी सुमारे ६ हजार. ऑस्ट्रियाची कैद्यांसह २० हजारांच्या वर, आणि दोन आठवड्यांत ब्रेस्लाऊ शहरही पडलं.

पण इथे काय काय जुळून आलं होतं ते मोजा. टेकड्यांचा आडोसा मिळाला. जमीन गोठून कडक झालेली होती, त्यामुळे ग्लोगाऊच्या किल्ल्यातून आणलेल्या जड १२ पौंडी तोफा घोड्यांनी एका जागेहून दुसरीकडे ओढून नेता आल्या. तो मुलूख शांततेच्या काळातल्या कवायतींमुळे प्रशियाच्या अधिकाऱ्यांना पाठ होता. शत्रू जागेवर बसून राहिला. यातली एक अट जरी नसती तरी चित्र वेगळं दिसलं असतं. हे अनुमान नाही, कारण सहाच महिन्यांपूर्वी ते दिसलं होतं.

१८ जून १७५७, कोलिन. हाच राजा, हीच कल्पना. दाउनच्या हाताखाली ऑस्ट्रियाचं सैन्य उंचवट्यांवर बसलेलं आणि प्रशियाचं सैन्य खालच्या राजरस्त्याने उघड्यावर आडवं चाललेलं. आडोसा नाही. दाउनला वरून प्रत्येक पलटण दिसत होती, त्याने शांतपणे राखीव दल आपल्या उजव्या टोकाकडे सरकवलं. पुढे गेलेल्या प्रशियाच्या सेनापती ह्युल्झेनच्या दलाला टोकाऐवजी ताजी फळी समोर आली. तेवढ्यात चालत्या रांगेला क्रोएशियन शिपायांचा गोळीबार बोचू लागला, प्रशियाचाच सेनापती मानस्टाइन याने वळून थेट खोत्सेनित्झ गावावर हल्ला चढवला आणि शेजारच्या पलटणी त्याच्यामागे ओढल्या गेल्या. बगलेवरचा हल्ला समोरासमोरचा झाला, तोही चढावर, तोफांच्या तोंडी. सुमारे ३३ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त माणसं गेली. मानस्टाइनवर किंवा राजावर खापर फोडणारे दोन पक्ष आजही आहेत. माझ्या मते दोष त्याआधीचा, भर दिवसा उंचावर बसलेल्या जागत्या शत्रूसमोरून आडवं जाण्याचा. त्यानंतर कोणताही हुकूम अचूक पाळला गेला असता तरी दाउनचं राखीव दल तिथे पोचलेलंच होतं.

त्या वर्षीची आणखी एक चूक कमी चर्चिली जाते. युद्धाच्या सुरुवातीला फ्रेडरिकचा आग्रह होता की पायदळाने बंदूक खांद्यावर ठेवून, न झाडता, संगिनीच्या धाकाने पुढे जावं. ६ मे १७५७ ला प्रागच्या लढाईत हा प्रयोग फार महागात पडला, श्वेरिन तिथेच पडला. नंतर गोळीबार पुन्हा सुरू झाला. ज्या सैन्याची खरी ताकद वेगाने बार भरण्यात, त्यालाच बार काढू नका म्हणण्यासारखं ते होतं.

१२ ऑगस्ट १७५९ ची कुनर्सडॉर्फची लढाई हा दुसरा धडा. समोर साल्तिकोव्हचे रशियन आणि लाउडोनचे ऑस्ट्रियन मिळून ६० हजारांच्या आसपास, इकडे सुमारे ५० हजार. कडक उन्हाळा, माणसं पहाटेच्या अंधारापासून चाललेली. जमीन नीट पाहिलेली नव्हती. तळी आणि ओढे मध्ये आल्याने फळीचे तुकडे झाले, रानवाटांत जड तोफा अडकल्या. तरीही पहिल्या तडाख्यात म्युलबर्गचा उंचवटा आणि तिथल्या तोफा हाती लागल्या. तिथे थांबायचं की पुढे जायचं, हा प्रश्न होता. राजाने दमलेल्या पायदळाला पुढच्या घळीतून पुन्हा पुन्हा वर चढवलं. घोडदळाचा सेनापती झाइडलिट्झ जखमी झाला, घोडदळ विस्कटलं, संध्याकाळी लाउडोनच्या घोडदळाने शेवट केला. १९ हजारांच्या आसपास माणसं आणि १७० हून अधिक तोफा गेल्या. त्या रात्री राजाच्या हाताशी धड ३ हजार माणसंही नव्हती.

यानंतरही बर्लिन लगेच पडलं नाही, आणि इथेच रसदीचा भाग येतो. अठराव्या शतकाच्या मध्य युरोपात सैन्य पावावर चालत असे. शिपायाला रोज सुमारे दोन पौंड राईचा पाव. त्याच्या पाठीवर तीन दिवसांचा, गाड्यांवर आणखी सहा दिवसांचा. भट्ट्या मागे असत, त्यांना पीठ कोठारातून येई. या साखळीमुळे सैन्य भट्ट्यांपासून सुमारे पाच दिवसांच्या कूचीपेक्षा फार लांब जाऊ शकत नसे. घोड्यांच्या वैरणीचा प्रश्न त्याहून अवघड, कारण ती गाड्यांतून फार लांब वाहून नेणं परवडतच नाही. म्हणून मोहिमा रानात गवत वाढल्यावर, मे-जूनमध्ये सुरू होत. जड माल स्वस्तात नदीनेच जातो, म्हणून ओडर आणि एल्ब या नद्या आणि त्यांवरचे किल्ले हा या युद्धांचा कणा होता. नकाशावर लढायांच्या तारखा लावण्याआधी नद्या ठळक करून घ्या, अर्ध्या हालचाली आपोआप उलगडतात.

रशियन सैन्याचं कोठार व्हिस्तुला नदीकडे. दर वर्षी ओडरपर्यंत यायचं, लढायचं आणि हिवाळ्याच्या तोंडावर मागे जायचं, हेच त्यांना जमत होतं. कुनर्सडॉर्फनंतर त्यांचीही माणसं फार पडली होती, ऑस्ट्रियाशी पुढच्या बेतावर एकमत नव्हतं, आणि खाणं संपत आलं होतं. फ्रेडरिकने याला ‘चमत्कार’ म्हटलं. त्या चमत्काराचा मोठा भाग पिठाच्या गाड्यांचा होता.

उलट बाजूने प्रशियालाही हा नियम सुटला नाही. १७४४ साली फ्रेडरिक बोहेमियात (आजच्या चेक देशात) शिरला, सप्टेंबरात प्राग घेतलं, आणि नोव्हेंबरपर्यंत उपाशी सैन्य घेऊन मागे फिरला. ऑस्ट्रियाच्या ट्राउनने लढाई दिलीच नाही. त्याच्या हलक्या घोडेस्वारांनी वैरण गोळा करणाऱ्या टोळ्या कापल्या, गावकऱ्यांनी धान्य दडवलं, आणि प्रशियाचे शिपाई हजारोंनी पळाले. लढाई न होताच एक सैन्य मोडलं. नियमाला अपवाद आहे तो नोव्हेंबर १७५७ चा: रोसबाखला ५ तारखेला फ्रेंच आणि पवित्र रोमन साम्राज्याच्या फौजेला सुमारे ५५० माणसांच्या मोबदल्यात धुळीस मिळवल्यावर फ्रेडरिक १३ ला लाइपझिगहून निघाला आणि २८ ला सायलेशियातल्या पार्चविट्झला पोचला. भट्ट्यांची वाट न पाहता सैन्य गावोगाव घरांत उतरवलं आणि गावकऱ्यांकडून जेवण घेतलं. बरोबर सुमारे १३ हजार माणसंच होती म्हणून हे साधलं. ५० हजारांना ते साधलं नसतं.

मराठी वाचकासाठी इथे एक खरोखरीचा धागा आहे. हेच सात वर्षांचं युद्ध दक्षिण हिंदुस्थानातही चाललं होतं. त्यासाठीच १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने आपला सरदार बुसी याला हैदराबादेहून परत बोलावलं, आणि बुसीच्या तालमीतला इब्राहिमखान गारदी पुढे निजामाकडून भाऊसाहेबांकडे आला. पानिपतावर जानेवारी १७६१ मध्ये खंदक, तोफा आणि कवायती पलटणी असूनही मराठी फौज उपासमारीने बाहेर पडून लढायला भाग पडली, कारण दाणागोट्याच्या वाटा तुटल्या होत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात फ्रेडरिक बुंझेलविट्झला ५० हजार माणसांनिशी खंदकांत बसला होता, समोर ऑस्ट्रियन आणि रशियन मिळून त्याच्या दुपटीहून जास्त. त्याचा तळ मात्र श्वाइडनिट्झ किल्ल्याच्या कोठारापासून काही किलोमीटरवर होता. पाव येत राहिला. खाणं आधी वेढणाऱ्यांचं संपलं आणि सप्टेंबरात रशियन निघून गेले. पुढे १ ऑक्टोबरला लाउडोनने छापा घालून श्वाइडनिट्झच घेतलं, तेव्हा लढाई न हरताही फ्रेडरिकची स्थिती युद्धातली सगळ्यात वाईट झाली.

पैशाचं काय? बापाची पुंजी सायलेशियाच्या पहिल्या दोन युद्धांतच खर्च झाली, ती फ्रेडरिकने १७५६ पर्यंत पुन्हा जमवली. ती काही वर्षं पुरली. १७५८ पासून इंग्लंड वर्षाला ६ लाख ७० हजार पौंड देत होतं, ते १७६१ नंतर बंद झालं. मोठा आधार शेजारच्या सॅक्सनी या जर्मन राज्याचा होता. तो देश प्रशियाने ऑगस्ट १७५६ मध्येच गिळला आणि सात वर्षं पिळला. तिथली १८ हजार माणसंही पिर्नाला शरण आल्यावर अख्ख्या पलटणींसकट आपल्या सैन्यात कोंबली. ही चूक ठरली: पलटणी न फोडता घेतल्याने त्या पुढच्या वर्षी एकजुटीनेच पळाल्या. शेवटचा मार्ग नाण्यांत खोट घालण्याचा. १७५० पासून एक कोलोन मार्क (हे चांदी तोलायचं वजन) चांदीतून १४ टालर पाडायचे असा नियम होता. युद्धात त्याच चांदीतून ३० हून जास्त पाडले, बरेचसे सॅक्सनीच्या आणि पोलंडच्या छापाने, म्हणजे खोटीचा भार शेजाऱ्यांवर. त्यामुळे राज्य कर्जाशिवाय युद्धातून बाहेर पडलं, पण महागाई झाली, आणि १७६३ मध्ये अॅमस्टरडॅम, हॅम्बर्ग आणि बर्लिनमधल्या पेढ्या कोसळल्या.

माणसांची पुंजी मात्र परत भरता आली नाही. १७५८ नंतरचं प्रशियाचं पायदळ १७४१ चं राहिलं नव्हतं. कँटनमधून कोवळी पोरं येत होती, युद्धकैदी बळेच भरले जात होते, आणि तिकडे प्रिन्स लिख्टेनश्टाइनने ऑस्ट्रियाचा तोफखाना नव्याने बांधला होता. फ्रेडरिकने पायदळाच्या दर्जाची उणीव तोफांच्या संख्येने भरली. ३ नोव्हेंबर १७६० ला टोरगाऊ जिंकलं, पण १६ हजारांहून जास्त माणसं देऊन, म्हणजे कोलिनच्या पराभवापेक्षा महाग विजय. युद्ध संपलं ते जानेवारी १७६२ मध्ये रशियाची राणी एलिझाबेथ वारल्यामुळे. नव्या झारने, तिसऱ्या पीटरने, बाजूच बदलली. १५ फेब्रुवारी १७६३ च्या हुबर्टुसबर्गच्या तहात सायलेशिया प्रशियाकडे राहिला. नशिबाचा वाटा इथे उघड आहे आणि तो लपवू नये. मात्र नशीब येईपर्यंत, म्हणजे कुनर्सडॉर्फनंतरही अडीच वर्षं, तग धरण्याइतकं धान्य, नाणं आणि कँटनमधली माणसं शिल्लक होती.

जाता जाता प्रशिया आणि ऑस्ट्रियामधलं १७७८-७९ चं बव्हेरियाच्या वारशाचं युद्ध. त्यात मोठी लढाई झालीच नाही. दोन्ही सैन्यं बोहेमियात बटाटे खणत बसली, म्हणून त्याला बटाट्याचं युद्ध हेच नाव पडलं. यंत्र किती जड झालं होतं ते तिथेच दिसलं. १४ ऑक्टोबर १८०६ ला येना आणि आउअरश्टेटला ते मोडलं, कारण नेपोलियनचं सैन्य भट्ट्यांची वाट पाहत नव्हतं, रानात पसरून लढू शकत होतं, आणि त्याचे शिपाई नजरेआड गेले तरी परत येत. प्रशियाचा सुधारक सेनानी शार्नहोर्स्ट आणि मंडळींनी पुढे जे बदल केले त्यांतला सगळ्यात मोठा कँटनमधल्या माफ्या काढण्याचा होता. १८१४ च्या कायद्याने लष्करी सेवा सगळ्यांना लागू झाली.

ज्यांना हे नकाशावर तपासायचं आहे त्यांनी कोलिन आणि लॉयटेन शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि उंची दाखवणाऱ्या रेषा असलेलाच नकाशा घ्यावा. नुसत्या बाणांच्या आकृतीत दोन्ही लढाया सारख्याच दिसतात. गावांची नावं आता बदलली आहेत. लॉयटेन म्हणजे पोलंडमधलं लुटिन्या, व्रोत्सवाफच्या पश्चिमेला, आणि व्रोत्सवाफ म्हणजे जुनं ब्रेस्लाऊ. कुनर्सडॉर्फ आता कुनोविट्से, मोलविट्झ मालुयोविट्से, श्वाइडनिट्झ श्विद्नित्सा. कोलिन चेक देशात त्याच नावाने सापडेल. लॉयटेनच्या नकाशावर आधी बोर्न गाठा, तिथून टेकड्यांच्या पश्चिम उतारावरून दक्षिणेकडे रेघ ओढा आणि पूर्वेच्या ऑस्ट्रियन आघाडीवर उभं राहून काय दिसतं ते प्रत्येक किलोमीटरला तपासा. मग तीच कसरत कोलिनच्या राजरस्त्यावर करा.